नाही तर नाही म्हणा, पण काय ते सांगा की ओ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, बारा-तेरा वर्षं झाली आता. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पहाणी म्हणजे जमिनीचा उतारा काढणं, रेशन कार्डात सुनेचं नाव चढवणं, आधारचं करेक्शन, पासपोर्टचा फॉर्म, जे येईल ते करतो. माणूस कागद घेऊन येतो तेव्हा नुसता कागद आणत नाही, घरातली सगळी काळजी पण घेऊन येतो, आणि अर्ज कुठंतरी अडकला की कचेरीत विचारायच्या आधी माझ्याकडं येतो, कारण तिथं "नंतर या" म्हणतात आणि मी निदान बसा तरी म्हणतो.

त्यात एक वहिनी येतात. मूळच्या नेपाळच्या. नवरा आमच्या इकडचाच, गोव्यात हॉटेलात कामाला होता, त्या पण तिथंच कामाला, ओळख झाली, लग्न झालं, मग लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद पडलं तसं दोघं पोरांना घेऊन गावाकडं आले ते इथंच राहिले. मोठी मुलगी मराठी शाळेत सहावीत आहे. वहिनी आता इतकं आमच्यासारखं बोलतात की बाहेरच्या माणसाला कळणार पण नाही, इथल्या बायका म्हणतात तसं "मी येतो ओ" म्हणूनच दुकानातून उठतात. त्यांनी भारताचं नागरिकत्व मिळावं म्हणून अर्ज केलाय. फॉर्म मीच भरून दिला. कायदा सरळ आहे, नागरिकत्व कायदा १९५५, कलम ५, भारतीय माणसाशी लग्न झालेली व्यक्ती सात वर्षं इथं राहिली असेल तर नोंदणी करून नागरिकत्व मागू शकते. लग्नाचा दाखला, नवऱ्याचे पुरावे, नेपाळची नागरिकता, नोटरी, फोटो, चलन, सगळं जोडलं. एक फाईल नंबर मिळाला. पोलीस चौकशी झाली, शेजारच्यांनी चांगलंच सांगितलं. त्याला चार वर्षं होऊन गेली. नंबर टाकला की अर्ज प्रक्रियेत आहे एवढंच दिसतं.

कुठल्या कचेरीत अडकलंय ते मी इथं लिहीत नाही, कारण एका टेबलावरच्या एका क्लार्कला शिव्या देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. तो क्लार्क बदलून गेला तरी हेच होणार.

आता नेपाळच्या माणसांना १९५० च्या करारामुळं इथं राहता येतं, काम करता येतं, वहिनींना कोण हाकलून देणार नाही, हे मला माहीत आहे. तरी पण मत देता येत नाही, सरकारी भरतीचं स्वप्न नाही, आणि २०२३ ला गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार सुरू झाले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या दुकानात फॉर्म भरायला आल्या, त्यांच्यासोबत ह्या पण आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या, विचारायचं धाडसच होईना, कारण काही विचारलं तर तेवढ्यावरून अर्ज बाद करतील अशी भीती. चार वर्षं उत्तर नाही आलं की माणूस असा होतो. आपण कुठं चुकलो तेच माहीत नसतं त्यामुळं सगळ्यालाच घाबरतो.

हे सगळं मला जास्त टोचतं त्याचं कारण ह्याच दुकानातून मी रोज दुसरी व्यवस्था पण बघतो. कर्नाटकात २०११ चा सेवा हमी कायदा आहे, आपण सगळे सकाल म्हणतो, २ एप्रिल २०१२ पासून राज्यभर लागू झाला. नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, उत्पन्नाच्या दाखल्याला अर्ज टाकला की पंधरा आकडी नंबर मिळतो आणि अमुक तारखेपर्यंत देणार हे कळतं. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये अर्जदाराला द्यायचे आणि ते अधिकाऱ्याकडून वसूल करायचे अशी तरतूद आहे. अर्ज फेटाळला तर वरती अपील करता येतं. सकाल सगळीकडं नीट चालतंय असं मी म्हणत नाही, भरपाईचे वीस रुपये मागायला कोण जात नाही, पण तारीख लिहून मिळते ह्यानेच माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होतो हे मी हजारदा बघितलंय. बाराशे रुपयाच्या स्कॉलरशिपला लागणाऱ्या दाखल्याला मुदत आहे, आणि ज्याच्यावर माणसाचं सगळं आयुष्य उभं राहतं त्या नागरिकत्वाच्या निर्णयाला असं बांधून ठेवणारं काही नाही. हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. कुणाला नागरिक करायचं, कुणाला आश्रय द्यायचा, हा देशाचा अधिकार आहे, तो मला मान्य आहे, सरकारनं नाही म्हणावं, खुशाल म्हणावं. पण नाही म्हणायचं तर ठरलेल्या मुदतीत म्हणा, कारण लिहून द्या आणि त्या कारणावर बोलायला एक जागा द्या. गप्प बसायचा अधिकार सरकारला नसावा.

आणि हा गप्प बसायचा अधिकार आपल्या कायद्यात चक्क लिहिलेला आहे, हे मला पण फार उशिरा कळलं. नागरिकत्व कायद्याचं कलम १४ वाचा. नोंदणीचा अर्ज असो नाहीतर देशीयकरणाचा, म्हणजे बरीच वर्षं इथं राहिल्यावरून नागरिकत्व मागायचा, मंजूर करायचा की फेटाळायचा हे सरकारच्या मर्जीवर आणि त्याची कारणं द्यायला सरकार बांधील नाही. पुढच्याच पोटकलमात हा निर्णय अंतिम आहे, कुठल्या कोर्टात त्यावर प्रश्न उठवता येणार नाही असं म्हटलंय, फक्त तीस दिवसांत केंद्र सरकारकडंच फेरविचार मागता येतो. आता कारणच दिलं नाही तर फेरविचार कशाचा मागायचा? १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं एस. एन. मुखर्जी खटल्यात सांगितलं होतं की न्यायनिवाड्यासारखं काम करणाऱ्या अधिकाऱ्यानं कारणं नोंदवलीच पाहिजेत, पण त्यात एक सूट ठेवली, कायद्यानंच तसं नको म्हटलं असेल तर वेगळं. नागरिकत्व कायदा बरोबर त्याच सुटीत बसतो. १९५५ साली देश नवा होता, फाळणी होऊन आठ वर्षं झालेली, तेव्हा कुणाला तरी असं कलम लागेल वाटलं असेल. आज ते कशाला?

आश्रयाचं तर त्याहून वाईट, तिथं कायदाच नाही. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवर पण नाही, आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदा पण कधी झाला नाही. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत खाजगी विधेयक आणलं होतं, ते तिथंच राहिलं. त्यामुळं एखादा माणूस जीव वाचवून इथं आला तर कायद्याच्या नजरेत तो फक्त परदेशी. आधी १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता, १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू झाला, त्यात पण निर्वासित म्हणून वेगळी जागा नाही. त्याच दिवशी सूट देणारा एक आदेश निघाला, तिबेटी लोक, श्रीलंकेतले तमिळ, अफगाणिस्तान-बांगलादेश-पाकिस्तानातले अल्पसंख्याक, ह्यांना ठरावीक तारखांच्या आत आले असतील तर कागदपत्रांच्या कारवाईतून सवलत. चांगलंच केलं. पण आदेश म्हणजे हक्क नाही, आदेश उद्या दुसरा निघू शकतो.

तिबेटी म्हटल्यावर आमच्याकडं सगळ्यांना थंडीत स्वेटर विकायला बसणारे लोक आठवतात. पण मुंडगोडला जाऊन बघा एकदा, धारवाड-कलघटगी करत दुपारपर्यंत पोचता येतं. १९६६ पासून तिथं वसाहत आहे, तेव्हाच्या म्हैसूर सरकारनं जंगलातली जमीन दिली, त्या लोकांनी ती मक्याची शेती केली, मोठमोठे मठ उभे राहिले. मी एका मित्राबरोबर गेलो होतो, तिथं एका दुकानदाराशी बोलत बसलो, माझ्याच वयाचा, जन्म मुंडगोडचा, कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, आणि खिशात परदेशी नागरिकाचं नोंदणी पुस्तक, ते ठरावीक मुदतीनं रिन्यू करायचं. आता कायदा काय म्हणतो बघा. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ ह्या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक, आईबाप कोण होते ह्याला काही अर्थ नाही. २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टानं एका तिबेटी मुलीच्या पासपोर्टच्या केसमध्ये हेच सांगितलं, २०१३ मध्ये आपल्या कर्नाटक हायकोर्टानं पण हेच सांगितलं. म्हणजे हा माणूस अर्जदार नव्हताच, तो जन्मल्या दिवसापासून भारतीय होता! तरी त्याला रांगेत उभं केलं, आणि २०१७ मध्ये पासपोर्ट द्यायला सुरुवात केली तेव्हा अटी घातल्या, नोंदणी पुस्तक परत करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे फायदे घेऊ नका. जिथं जन्म झाला ते घर सोडल्यावर नागरिकत्व. तो म्हणाला, आई म्हातारी आहे, तिला सोडून कुठं जाऊ. त्यानं अर्जच केला नाही.

कोर्टात गेलं की काम होतं असं आपल्याला वाटतं. चकमा लोकांची गोष्ट ऐका. १९६४ च्या सुमाराला पूर्व पाकिस्तानातून, कप्ताई धरणात जमिनी गेल्यामुळं आणि छळामुळं ते आले, सरकारनंच त्यांना आताच्या अरुणाचलात वसवलं. तीस वर्षांनी पण नागरिकत्व नाही. त्यांचं म्हणणं होतं की आमचे अर्ज स्थानिक अधिकारी दिल्लीला पाठवतच नाहीत. ९ जानेवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, जगण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये नागरिकाला नव्हे तर व्यक्तीला आहे, म्हणून राज्यानं ह्या साधारण ६५ हजार लोकांचं रक्षण करावं आणि त्यांचे अर्ज नोंदवून केंद्राकडं पाठवावेत. मोठा निकाल, कायद्याच्या कॉलेजात शिकवतात. आणि मग? १९ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्याच कोर्टाला त्याच लोकांसाठी परत सांगावं लागलं की तीन महिन्यांत नागरिकत्वाचं काम पूर्ण करा. १९९६ ला ज्याचं पोर शाळेत जात होतं त्याचा नातू शाळेत जायला लागला असेल. कुणाला शिक्षा झाली नाही, कारण अर्ज पुढं न पाठवणं हा गुन्हाच नाही.

आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची शेवटची यादी आली, १९ लाख ६ हजार ६५७ लोक बाहेर राहिले. नियम असा की प्रत्येकाला नाव का गळलं ह्याची लेखी स्लीप मिळणार आणि ती मिळाल्यापासून १२० दिवसांत ट्रिब्युनलकडं जायचं. वर्षामागून वर्षं गेली, स्लीपच वाटल्या नाहीत. स्लीप नाही म्हणून अपील नाही, अपील नाही म्हणून निकाल नाही, एकोणीस लाख माणसं मधेच. ह्यात कोण खरा, कोण खोटा ह्याच्यावर तुम्ही-आम्ही वाद घालू शकतो पण तो वाद मिटवायची जी एकच वाट होती ती कारणाच्या कागदावरून जाते, आणि तो कागद कुणी दिला नाही.

इथं आमच्यातली काही माणसं म्हणतात, त्यांचे पुरावे खोटे असतील म्हणून राहिलं असेल. मी त्यांना माझ्या वडिलांचं नाव सांगतो. ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, इंग्रजीत लिहिताना आपण डीएनपासून सुरू करतो. तेच नाव कन्नडमध्ये रेशन कार्डावर गेलं आणि तिथून इंग्रजीत आलं ते जेएनपासून. बँकेत एक, पहाणीत दुसरं, त्यात पहाणीत वडिलांच्या नावापुढं आजोबांचं नाव आणि आडनाव गायब. आजोबा वारल्यावर जमीन नावावर करायची वेळ आली तेव्हा ही दोन माणसं नसून एकच आहे हे सिद्ध करायला दीड वर्ष लागलं, अफिडेविट, वंशावळ, पंचनामा, पेपरात जाहिरात. आम्ही पाच पिढ्या त्याच गावात, ग्रामदैवताच्या पालखीचा मान आमच्या घरात, तरी. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक तरी फाईल आहे. १९८१ चा कर्नाटकचाच कायदा आहे की जिथं भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं स्थानिक संस्थांनी त्यांच्या भाषेत कागद द्यावेत, त्यासाठी किती मोर्चे निघाले ते बेळगावकरांना सांगायला नको. स्वतःच्याच गावात एका जोडाक्षरानं आपली ही गत होते, तर पुरात घर वाहून गेलेल्या ब्रह्मपुत्रेकाठच्या बाईला, किंवा रात्रीत नदी ओलांडून आलेल्या माणसाला, पुरावा दे म्हणून सांगताना आपली जीभ तरी जरा अडखळावी.

पूर्वी पण असंच होतं असं नाही. निपाणी-चिकोडीकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळ गांधीनगरला जातात, होलसेल कापडाचं मोठं मार्केट. ती जागा म्हणजे वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४८, तिथं पाचेक हजार पोलंडचे निर्वासित राहिले होते, बायका-पोरंच जास्त. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधी लोक आले, त्यांनी शून्यातून ते मार्केट उभं केलं. त्या सिंधी माणसांना नागरिकत्व कसं मिळालं? घटनेचं कलम ६. तुमचा किंवा आईबाप-आजीआजोबांपैकी कुणाचा जन्म अखंड भारतातला असेल आणि १९ जुलै १९४८ च्या आधी आलात तर इथं राहताय एवढं पुरे. नंतर आलात तर सहा महिने राहा, अधिकाऱ्याकडं अर्ज करा, नोंद होईल. झालं. कोट्यवधी माणसं इकडची तिकडं झालेली, खजिन्यात पैसा नाही, कॉम्प्युटर नाही, दंगली चालू, आणि तरी त्या लोकांनी एक स्पष्ट तारीख, एक स्पष्ट अट आणि एक अधिकारी ठेवला. गोव्याचं पण बघा, आमच्या डोंगरापलीकडं. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि १९६२ च्या एका आदेशानं, स्वतः किंवा आईबाप-आजीआजोबांपैकी कुणी तिथं जन्मलेलं असेल त्या सगळ्यांना भारतीय नागरिक मानलं, ज्यांना पोर्तुगालचंच राहायचं होतं त्यांनी ठरलेल्या मुदतीत लिहून द्यायचं. प्रत्येकाकडून वेगळा अर्ज मागत बसले नाहीत. म्हणजे सरकारला जमत नाही असं नाही. ठरवलं की जमतं.

सीएएचं, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचं पण हेच सांगतो, आणि त्याच्या बाजूचे-विरोधातले दोघंही माझ्यावर रागावतील. डिसेंबर २०१९ ला कायदा झाला, देशभर आंदोलनं झाली, माणसं मेली. नियम आले ११ मार्च २०२४ ला. पहिली १४ प्रमाणपत्रं दिल्लीत १५ मे २०२४ ला दिली. धर्मावरून माणूस निवडणं मला पटत नाही, मुंडगोडचा तिबेटी आणि तामिळनाडूच्या कॅम्पातला श्रीलंकेचा तमिळ त्यात का नाही ह्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. पण ज्यांच्यासाठी हा कायदा केला म्हणता त्या पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंना तरी वेळेवर काय मिळालं? डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनंच राज्यसभेत सांगितलं होतं, नागरिकत्वाचे १०,६३५ अर्ज पडून आहेत, त्यातले ७,३०६ पाकिस्तानातून आलेल्यांचे, आणि ४२८ अशा लोकांचे जे कुठल्याच देशाचे नाहीत. १४० कोटींच्या देशात साडेदहा हजार अर्ज. एका तालुक्याच्या नाडकचेरीत त्याहून जास्त दाखल्यांचे अर्ज येत असतील. कामाचा बोजा आहे हे कारण मला ह्या आकड्यानंतर पटत नाही.

देशाच्या सुरक्षेचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला मी टाळणार नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात आहे, आमच्या प्रत्येक गावात फौजी आहेत, माझा चुलतभाऊ पण आहे, घुसखोरी काय असते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच सांगतो, जो अर्ज करतो तो लपत नाही. नाव देतो, फोटो देतो, बोटांचे ठसे देतो, पत्ता देतो, पोलिसांना घरी बोलावतो. ज्याला लपायचंय तो पैसे देऊन खोटं आधार काढतो आणि गर्दीत मिसळतो, त्याला कलम १४ शी काही देणंघेणं नाही. तुम्ही सरळ वाटेनं येणाऱ्याला दहा वर्षं तिष्ठत ठेवलं की बाकीच्यांना काय कळतं? की सरळ वाटेनं जाऊ नये. आणि खरोखर धोकादायक माणूस अर्ज करून बसला असेल तर त्याचा निर्णय लवकर लागायला नको काय? चार वर्षं त्याची फाईल कपाटात ठेवून कुठली सुरक्षा होते?

उशीर सरकारला पण महागात पडतो. ब्रिटनचं बघा, जून २०२३ अखेर आश्रयाच्या अर्जावर पहिल्या निर्णयाची वाट बघणारे १ लाख ७५ हजारांवर लोक होते, त्यांना सहसा काम करायची परवानगी नसते, म्हणून सरकारनं हॉटेलांत ठेवलेलं, दिवसाला साधारण ८० लाख पाउंड खर्च. लोक निर्वासितांवर चिडले, पण तो पैसा निर्वासितांनी खाल्ला नव्हता, निर्णय न घेण्यानं खाल्ला होता. जर्मनीत प्रशासकीय कोर्टाच्या कायद्यात एक सोय आहे, कचेरीनं योग्य कारण नसताना तीन महिन्यांत अर्जाचा निकाल दिला नाही तर अर्जदार थेट कोर्टात जाऊन सांगू शकतो, ह्यांना निर्णय द्यायला लावा. मंजूर करा असं कोर्ट म्हणेलच असं नाही. निर्णय द्या म्हणेल. मला ही कल्पना फार आवडली, कारण आपलं सकाल त्याच्या जवळ जाणारं आहे, म्हणजे बाहेरून काही आणायला पण नको, जे नाडकचेरीत चालतं ते गृह मंत्रालयात चालू करा. अर्ज आला की तारीख. डीसी ऑफिसातून, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीतून, पुढं गेला की अर्जदाराला मेसेज, राज्याकडून दिल्लीला गेला की मेसेज. कागद कमी असेल तर काय कमी आहे ते एकदाच, सगळं, लिहून. फेटाळला तर त्याला समजेल अशा भाषेत कारण, आणि फेटाळणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसापुढं अपील. सुरक्षेचा मामला असेल तर गुप्त माहिती उघड करू नका, पण सुरक्षेच्या कारणानं नाकारला एवढं तरी सांगा, आणि ते कारण खरं आहे की नाही हे बंद पाकिटात एखाद्या न्यायाधीशाला बघू द्या. कलम १४ मधलं ते कारण न देण्याचं वाक्य काढायला एका ओळीची दुरुस्ती पुरे. आणि आश्रयासाठी कायदा, ज्यात अर्ज कुठं करायचा हे तरी लिहिलेलं असेल.

आमच्या गावच्या कट्ट्यावर मी हे बोललो तर एक काका म्हणाले, अरे आपलंच काय झालं ते बघ आधी. त्यांचं दुःख मला कळतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा काका जन्मले पण नव्हते, त्यांच्या वडिलांनी सत्याग्रहात मार खाल्ला, महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा टाकला, ८६५ गावांचा, तो अजून चालू आहे, आणि काका दर वर्षी काळ्या दिनाच्या फेरीला काळा शर्ट घालून जातात, आता गुडघे दुखतात तरी. पण काका, म्हणूनच तर आपण बोलायला पाहिजे की ओ. एका अर्जाच्या उत्तराची वाट बघत माणूस म्हातारा होतो म्हणजे काय होतं हे ह्या देशात आपल्याइतकं कुणाला कळणार? आपल्याला निदान मत आहे, आमदार निवडून देतो, पाडतो, मोर्चा काढतो, पेपरात बातमी येते. वहिनींना ह्यातलं काहीच नाही. ज्याला मत नाही त्याच्या दारात कुठला पुढारी येणार? त्या गल्लीत निवडणुकीला सगळ्या घरात स्लिपा वाटतात, त्यांच्या घरात चार माणसं आहेत आणि एक स्लीप येते.

परवा त्या परत आल्या होत्या. मी नंबर टाकला, तेच दिसलं. त्या म्हणाल्या, "नाही तर नाही म्हणून सांगा म्हणावं ओ त्यांना, मी काय भांडायला जाणार नाही. पोरीला काय सांगू तेवढं कळू दे." मग माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरलं, फाईल कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर गेली, आता कुणाकडं आहे, पुढची पायरी काय, एवढेच प्रश्न. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फॉर्म भरायला घेतला, त्यांचं नाव टाईप केलं आणि थांबलो, कारण २००५ च्या त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात माहितीचा अधिकार नागरिकांना दिलाय. त्यांना स्वतःच्या अर्जाबद्दल विचारायचा पण हक्क नाही. नाव खोडलं, नवऱ्याचं घातलं, त्याला फोन करून बोलावून घेतलं आणि सही घेतली. दोन प्रती काढल्या, एक राज्याला, एक केंद्राला. तीस दिवस सोमवारपासून मोजतोय.